अकरा बोल्टांचं खानदान

पान्याला हात लावायच्या आधी उस्ताद बोल्टच्या डोक्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे. दारावर करावी तशी. मग थांबायचे. आतून कोणी "कोण आहे?" विचारेल अशा बेताने थांबायचे.

पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, काहीतरी तपासत असतील. मी विचारलं, "उस्ताद, आवाजावरून काय कळतं?"

"कुच नई," ते म्हणाले. "पूछे बगैर कैसा खोलना साब? हल्लू. सब काम हल्लू."

हळू म्हणजे किती हळू, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. माझ्या हातात पंधरा दिवस होते.

त्याचं असं होतं. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बाबा नांदेडकडून हैदराबादला आले ते रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्र्यांचे मदतनीस, म्हणून. माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट त्यांनी काच लावून बुद्धमूर्तीच्या शेजारी टांगलं होतं, आणि आल्यागेल्याला चहाच्या आधी ते दाखवत. त्या वर्षांत रोज एखादी नवी कंपनी शहरात दुकान थाटत होती. त्यातल्याच एकीने मला पाणी शुद्ध करायची मशीन घरोघर विकायच्या कामावर घेतलं. टाय, बूट, पगार, सगळं होतं. अट एकच: स्वतःची दुचाकी, आणि ती एक तारखेला साहेबांना दाखवायची. नाही दाखवली तर जागा दुसऱ्याला. दुसरा कोण, तेही मला माहीत होतं. त्याच्याकडे स्कूटर होती.

बातमी मी आधीच सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकली होती. त्यामुळे आता मागे फिरायची सोय नव्हती.

मी नल्लकुंट्यातल्या एका रिटायर्ड मास्तरांकडून जुनी मोटारसायकल घेतली. ती त्यांच्या न्हाणीच्या मोरीशेजारी कितीतरी पावसाळे उभी होती. सुरू व्हायची, पण इंजिनाच्या उजव्या कव्हरमधून तेल गळायचं. कव्हर अकरा बोल्टांनी बसवलेलं. दहा बोल्ट गंजून लाल झालेले. अकरावा बोल्ट नव्हताच. त्याच्या भोकात मास्तरांनी चिंधी गुंडाळून कडुनिंबाची काडी ठोकली होती.

नारायणगुड्यात, टायपिंगच्या क्लासखाली, उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक लाकडी पेटी, एक बाक आणि वर पत्रा. उस्तादांनी ती काडी चिमटीत धरून उपसली, वास घेतला आणि म्हणाले, "मास्तर दात बी इसीच से घिसते होंगे."

तुम्हीही असे मिस्त्री पाहिले असतील, ज्यांचा अर्धा जीव कामात आणि अर्धा बोलण्यात. उस्तादांचे दोन्ही अर्धे बोल्टांत होते. त्यांनी बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, त्यावर कव्हरचा आकार काढला आणि अकरा भोकं पाडली. जो बोल्ट जिथून निघेल, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी खोचायचा. बोल्ट लहानमोठे असतात, जागा चुकली की कव्हर तडकतं. इथपर्यंत शहाणपणाचं होतं. पुढचं नव्हतं. त्यांनी कानामागचं बॉलपेन काढून दहा भोकांशेजारी उर्दूत एकेक नाव लिहिलं.

"ये सुसरे साब. ये सासू अम्मा. ये छोटे साले, ये उनसे छोटे, ये बडी साली, गुस्सेवाली…"

"हे कोण?"

"बीवी का खानदान. सब जंग खाए हुए हैं साब. मगर एक बी कम पडा तो तेल टपकता."

"आणि हे अकरावं भोक?"

"वो खाली जगा है. अभी कोई नई."

मी शिकलेला माणूस. मला हे पटलं नाही. मी एक दिवस वाचनालयात जाऊन मोटारसायकल दुरुस्तीचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि बाकावर बसून त्यांना समजावून सांगितलं की कव्हर उघडायला वीस मिनिटं लागतात. त्यांनी फार आदराने ऐकलं. पुस्तकातलं चित्र जवळून पाहिलं.

"किताब के बोल्ट कू जंग लगता क्या ग्रेजुएट साब?"

"नाही."

"फिर वो बीस मिनट किताब के हैं."

त्या दिवसापासून मी त्या रस्त्यावर ग्रेजुएट साब झालो. वरच्या टायपिंगच्या मुलीसुद्धा जिन्यावरून तसंच म्हणू लागल्या. मला आवडायचं, खोटं कशाला सांगू? त्यात थट्टा होती, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

पुस्तक चाललं नाही म्हणून मी दुसरा पराक्रम केला. राणीगंजच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारलं, "साइज?" मी म्हणालो, "मोटारसायकलचे." त्याने माझा टाय पाहिला आणि अकरा चकचकीत बोल्ट दिले, सगळे एका उंचीचे. मी ते रुमालावर मांडून उस्तादांपुढे ठेवले.

उस्तादांनी एकेक उचलून तोवर सुटलेल्या जुन्या बोल्टांशेजारी उभा करून दाखवला. कुठे बोटभर लांब, कुठे पेरभर आखूड.

"साब, सुसरे की शेरवानी छोटे साले कू पिनाते क्या?"

शेवटी जुना बोल्ट जसजसा सुटेल तसतसा तो खिशात घालून ते स्वतः राणीगंजला जात आणि मापाला माप लावून नवा घेऊन येत. अकराव्या भोकाचं माप त्यांनी आगपेटीच्या काडीने घेतलं.

सहा दिवसांत नऊ बोल्ट सुटले. रॉकेल सोडायचं, हातोडीने हलकेच ठोकायचं, टकटक करायची, थांबायचं, इराण्याकडचा चहा मागवायचा. कधी बोल्ट चहाच्या आधी सुटायचा, कधी नंतर. सासू अम्मा पहिल्याच झटक्याला निघाल्या, तेव्हा उस्तादांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

दहावा बोल्ट निघेना. खालच्या कोपऱ्यातला. त्याचं नाव बडे साले साब.

रॉकेलचा उपयोग झाला नाही. ब्लो लॅम्पने तापवला, तरी नाही. त्याच सुमारास परदेशी कोला पुन्हा बाजारात आला होता आणि तो गंज खातो अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. शेजारच्या किराणावाल्याने एक बाटली आणली. अर्धी बोल्टवर ओतली, अर्धी उस्तादांनी प्यायली. दुसऱ्या दिवशी बोल्ट तसाच होता. उस्ताद मात्र ढेकर देत म्हणाले, "आदमी का जंग निकलता इससे."

एक तारीख चार दिवसांवर आली. मी चिडलो. "उस्ताद, ड्रिल लावा. छिन्नी घाला. तोडा, पण काढा."

"जबरदस्ती नक्को."

"माझी नोकरी जाईल!"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग किराणावाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं.

हे गॅरेज आधी दोघांचं होतं, उस्तादांचं आणि त्यांच्या मोठ्या मेहुण्यांचं. आठ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या इंजिनाचा असाच बोल्ट अडला. एकाने छिन्नी धरली, दुसऱ्याने घाव घातला. बोल्ट आतच तुटला आणि कव्हरला तडा गेला. घाव घालणारा म्हणाला, छिन्नी वाकडी धरली. धरणारा म्हणाला, घाव जोरात घातला. त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते आजपर्यंत. मेहुणे गौलीगुड्यात, बस स्टँडच्या मागे हातपंप दुरुस्त करत होते. पायी अर्ध्या तासाचं अंतर. ईदच्या दिवशीसुद्धा उस्तादांची बायको माहेरी एकटीच जायची.

"त्यांच्या हातासारखा हात नाही या गावात," किराणावाला म्हणाला. "पण त्यांना बोलावणार कोण?"

मी गेलो. मला कुणी पाठवलं नव्हतं.

मला वाटलं होतं, बडे साले साब म्हणजे कोणीतरी मिशाळ, दांडगा माणूस असेल. निघाले ते पांढरा सदरा घातलेले, पाच फुटांचे, काडीसारखे. पंपाच्या वॉशरवर फुंकर मारत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"उसने भेजा?"

मला खोटं बोलता येत नाही. "नाही. बोल्ट अडकलाय."

"नाम रखा होगा बोल्ट का. आदत है उसकी. क्या नाम रखा?"

"तुमचं."

त्यांनी वॉशर खाली ठेवला. मला वाटलं आता हाकलतील. ते उठले, हात धुतले, सदऱ्याच्या गुंड्या लावल्या आणि पेटीतून फडक्यात गुंडाळलेली छोटी हातोडी काढली.

"मेरे नाम का है तो मेरेकूच जाना पडता," ते म्हणाले.

आम्ही नारायणगुड्यात पोचलो तेव्हा उस्ताद मोटारसायकलीपुढे उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. टायपिंगच्या क्लासमधला खडखडाट थांबला. मुली खिडकीत आल्या.

"ग्रेजुएट साब," उस्ताद इंजिनाकडे बघत म्हणाले, "इनकू बोलो, उजाले में खडे हैं."

मी वळून म्हणालो, "ते म्हणतात, तुम्ही त्यांच्या उजेडात उभे आहात."

"इनकू बोलो, उजाला मेरेकू बी होना."

"ते म्हणतात, उजेड त्यांनाही हवाय."

दोघांमध्ये हातभर अंतर. मी मध्ये उभा राहून एकाचं दुसऱ्याला पोचवत होतो. बी.कॉम.चा असा उपयोग होईल असं आमच्या कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

"पूछो, रॉकेल डाले क्या?"

"बोलो, हौ, आठ दिन से."

"पूछो, ये चिपचिपा क्या है?"

"बोलो, कोला."

मेहुण्यांनी आकाशाकडे पाहिलं. मग खाली बसले, बोटाच्या पेराने बोल्टवर दोनदा टकटक केली, आणि थांबले.

मी उस्तादांकडे पाहिलं. ते बोटांवरचं काळं पुसत होते, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी.

हातोडीचे तीन सरळ घाव बोल्टच्या डोक्यावर बसले, फार मोठे नाहीत. मग मेहुण्यांनी छिन्नी काढली आणि इकडेतिकडे पाहिलं. छिन्नी धरायला माणूस हवा होता. मी हात पुढे केला, तेवढ्यात उस्तादांनी माझा हात बाजूला सारला आणि छिन्नी बोल्टच्या कडेला तिरपी टेकवून धरली. हातोडी वर गेली. गल्लीतल्या सगळ्यांना आठ वर्षांपूर्वीचा घाव आठवत असणार. माझ्या डोळ्यापुढे फक्त स्कूटरवाला होता.

पहिला घाव. दुसरा घाव. तिसऱ्याला करकर असा बारीक आवाज आला आणि बडे साले साब पाव फेरा फिरले.

मग दोघं एकदमच.

"मैं ढीला करके रखा था!" उस्ताद.

"आठ दिन से? मेरे मार से खुला!"

"पकडा कौन सीधा?"

"मारा कौन हल्लू?"

दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड देत भांडत होते आणि मध्ये माझी गरज उरली नव्हती. वरून मुलींनी टाळ्या वाजवल्या. किराणावाला चहा सांगायला धावला.

त्या संध्याकाळी कागदाचं नवं पॅकिंग कापून, प्रत्येक नव्या बोल्टला ग्रीसचं बोट लावून, दोघांनी मिळून समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळत कव्हर बसवलं. शेवटी राहिलं अकरावं भोक. उस्तादांनी त्यात नवा बोल्ट स्वतः घातला, आणि कानामागचं बॉलपेन काढून पुठ्ठ्यावर काहीतरी खरडलं.

"काय लिहिलं?"

"पढ लो ना साब. ग्रेजुएट हो."

मला उर्दू येत नाही. मी पुठ्ठा मागितला तर म्हणाले, "ये मेरे पास रहता. गाडी फिर आयेगी."

एक तारखेला मी गाडी पुसूनबिसून कंपनीच्या दारात उभी केली. साहेबांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून डोकं काढलं, म्हणाले, "आहे ना? ठीक आहे," आणि खिडकी लावून घेतली. अकरा बोल्टांपैकी एकही त्यांना तिथून दिसला नसेल. बाबा मात्र त्या रात्री जेवताना आईला प्रत्येक बोल्टचं नाव सांगत होते.

पुढे कंपनीने मला वरंगलला पाठवलं. गाडी तेलाचा थेंब न गाळता माझ्याबरोबर आली. तिला पुन्हा उघडायची वेळच आली नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं. वर्षं गेली. रस्त्यावर नव्या गाड्या आल्या, त्या शोरूममध्येच दुरुस्त व्हायच्या. मी नारायणगुड्यात परतलो तेव्हा टायपिंगच्या क्लासची जागा कॉम्प्युटर क्लासने घेतली होती आणि खाली एस.टी.डी. बूथ होता. पेटी, बाक, पत्रा, काहीच नव्हतं.

मी तिथून गौलीगुड्याला चालत गेलो. बडे साले साब तसेच होते, फक्त सदरा सैल झाला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी विचारायच्या आधीच त्यांनी मान हलवली.

"पिछले जाडे में गया," ते म्हणाले. "आखिर तक झगडा किया. बोलता, मैं ढीला करके रखा था."

मग ते आत गेले आणि पुठ्ठा घेऊन आले. तेलाने काळा झालेला. जुने दहा गंजके बोल्ट अजून आपापल्या जागी खोचलेले. "फेकने नई दिया. बोला, गाडी आयेगी."

मी त्यांना म्हणालो, मला वाचून दाखवा. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं. सुसरे साब. सासू अम्मा. छोटे साले. बडी साली. स्वतःच्या नावावरून बोट झपकन पुढे नेलं. अकरावं भोक रिकामं होतं. जुना बोल्ट नव्हताच, खोचणार काय? पण शेजारी लिहिलेलं होतं.

"ग्रेजुएट साब," त्यांनी वाचलं.

मी पुठ्ठा हातात घेतला. माझं नाव समोर होतं आणि मला ते वाचता येत नव्हतं.

बडे साले साबनी त्या रिकाम्या भोकाशेजारी बोटाच्या पेराने दोनदा टकटक केली. मग आम्ही दोघंही थोडा वेळ थांबलो.