खदानीवरचा भोंगा

पांढरी गाडी गेटपाशी आली, थांबली. आतल्या माणसाने काच खाली करून बाहेर बघितलं आणि गाडी रिव्हर्स घेऊन निघून गेली. मागच्या सीटवर चटई दिसली, डब्याची पिशवी दिसली, एका पोरीच्या हातात बॅडमिंटनची रॅकेट होती. म्हणजे माणसं पिकनिकला निघाली होती आणि इथपर्यंत पोचलीही होती. मग घोडं अडलं कुठे?

"फेर भाग गे," तव्यावरचा चीला उलटत दुलारीबाई म्हणाली. पुन्हा पळाले. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं, आणि माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मी पर्यटनाच्या सरकारी अनुदानांचं काम करते. एखाद्या गावाजवळ बघण्यासारखी जागा असली की तिचा प्रस्ताव लिहायचा. अनुदान मंजूर झालं की रस्ता, रेलिंग, टॉयलेट, दुकानं जागेवर उभी राहतात का ते बघायचं. आणि मग, लोक हे विसरतात, येणारा माणूस तिथे रमतो का तेही बघायचं. याला आमच्या धंद्यात व्हिजिटर मॅनेजमेंट म्हणतात. बाबा याला 'लोकाइच्या पिकनिकची नोकरी' म्हणतात आणि शेजाऱ्यांनाही तसंच सांगतात.

ही जागा म्हणजे भिलाईबाहेरची एक बंद पडलेली चुनखडीची खदान. कित्येक वर्षांचं पाणी साचून तिचं तळं झालेलं. पाणी इतकं निळं की पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून "अरे बापरे" निघतंच. अनुदानाच्या पहिल्या हप्त्यात गेट, रेलिंग, पायवाट, टॉयलेट झालं. दुसऱ्या हप्त्यातून गावातल्या बायकांच्या गटासाठी पक्कं स्वयंपाकघर आणि शेड व्हायचं होतं. पण त्याला एक अट होती, ड्वेल टाइमची. ड्वेल टाइम म्हणजे आलेला माणूस किती वेळ टेकतो. नुसती गर्दी दाखवून भागत नाही, माणूस थांबला पाहिजे. आमच्याकडे माणूस चहा संपेपर्यंतही थांबत नव्हता, आणि रायपूरहून तपासणी तर तोंडावर आली होती.

दुलारीबाई त्या बायकांच्या गटाची प्रमुख. त्याआधी सगळ्याजणी रेजा होत्या, म्हणजे बांधकामावर घमेली वाहणाऱ्या मजूर बायका. तिनेच घरोघरी फिरून त्यांना ते काम सोडायला लावलं होतं. आता ताडपत्रीखाली चूल मांडून त्या तांदळाचा वाफवलेला फरा आणि धिरड्यासारखा चीला विकत होत्या आणि निम्मा माल रोज घरी परत नेत होत्या.

"मोर भरोसा म सब झन काम छोड़ दिन, मैडम," ती म्हणाली. माझ्या भरवशावर सगळ्यांनी काम सोडलं. एवढंच बोलली आणि पुन्हा तव्याकडे वळली.

मी आमची नेहमीची कारणं तपासली. टॉयलेट चकाचक. रस्ता नवा. पार्किंग फुकट. फरा तर असा की बोटं चाटावीत. मग मी गेटसमोरच खुर्ची टाकून बसले आणि नुसती बघत राहिले. दुपार झाली तेव्हा एक गंमत लक्षात आली. ज्या गाड्या आत येऊन रमत होत्या त्यांचे नंबर सीजी ०४ ने सुरू होत होते. म्हणजे रायपूरच्या. आणि गेटवरून फिरणाऱ्या, नाहीतर घाईघाईने फोटो काढून पळणाऱ्या जवळपास सगळ्या सीजी ०७. म्हणजे आपल्या दुर्ग-भिलाईच्या.

हे काय गौडबंगाल? दूरचा माणूस थांबतो आणि घरचा पळतो?

स्कूटरवरून परत निघालेल्या एका जोडप्याला मी थांबवलं. "काय झालं? काही त्रास झाला का?"

"कुछ नहीं मैडम, ऐसे ही," नवरा म्हणाला.

"मन नहीं लगा," बायको म्हणाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनाही नीट कळत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. लाजून तेवढं हसले आणि गेले.

पुढच्या रविवारी मी बाबांना सोबत घेऊन गेले. त्यात काही हुशारी नव्हती. जुनवानीच्या फ्लॅटमध्ये बसून बसून ते कंटाळले होते, एवढंच. बाबा भंडाऱ्याकडून तरुणपणी इकडे आले, भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. माझं सगळं बालपण प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये गेलं.

गेटवर खाकीतला गार्ड पुढे आला. "पास बनवा लीजिए."

बाबांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. मग डोक्याकडे गेला, हेल्मेट आहे का बघायला. मला हसू आलं. गार्डने चिठ्ठी फाडून दिली तशी त्यांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली, वरचं बटण लावलं आणि पायवाटेवरच्या दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधून सरळ चालायला लागले. मी बाजूने गवतातून चालत होते.

"लाइनीत चाल, रंजू. लागन कुठं."

"बाबा, आपण फिराले आलो."

"हो ना, मी कुठं नाई म्हनलं?" पण पट्टा काही त्यांनी सोडला नाही.

आम्ही झाडाखाली चटई टाकली. डबा उघडला. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, वर दुलारीबाईकडची टमाटरची चटणी. बाबांनी दुसरा घास घेतला आणि खांबावरचा खदानीचा भोंगा वाजला. दुपारचे दोन. बाबांनी घास तसाच डब्यात ठेवला, झाकण लावलं, हात पुसले आणि उभे राहिले.

"कुठं निघाले बाबा?"

"सुटलं ना."

"काय सुटलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग डब्याकडे बघितलं. "अबे!" म्हणाले आणि स्वतःच हसायला लागले. "मले वाटलं पहिली शिफ्ट सुटली!"

मी आजूबाजूला बघितलं. दोन कुटुंबं चटया गुंडाळत होती. एक काका पोरांना "चलो, चलो" करत होते. रायपूरची एक मुलगी तेवढी भोंग्याचा व्हिडिओ काढत होती. मग मी ती जागा भिलाईच्या डोळ्यांनी बघितली. पिवळे पट्टे. गेट पास. खाकी. कोपऱ्यात 'असेंब्ली पॉइंट'ची पाटी. दारातच 'आज अपघात शून्य'चा फळा. आम्ही लोकांना सुट्टीच्या दिवशी परत ड्युटीवर बोलावत होतो! भिलाईत असं घर शोधून सापडणार नाही ज्यातला एक तरी माणूस प्लांटमध्ये नाहीतर ठेकेदाराकडे नाही. त्यांचं मन लागणार कसं?

हे सगळं उभं केलं होतं धोटे काकांनी. आमच्या समितीचे अध्यक्ष. स्मृति नगरला राहतात, जन्मभर प्लांटच्या सेफ्टी खात्यात नोकरी केलेली. एक पैसा न घेता ते रोज खदानीवर येत, आणि गार्डांची शिफ्ट बदलली की स्वतः भोंग्याचं बटण दाबत. त्यांना हे सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर आलं. पण बाबा सोबत होते म्हणून तडक त्यांच्याकडेच गेले.

"काका, आपण इथे प्लांट बांधला."

"मंग? प्लांटमध्ये मानूस सेफ रायते."

"पण पिकनिकले कोणी प्लांटमध्ये जाते का?"

काकांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, या पान्यात गावातलं एक लेकरू गेलं. अनुदान-बिनुदान याच्या आधी. मी पाह्यलं त्याच्या मायले. तुमचा तो टाइम वाढवाले मी पट्टे पुसू? कावून सांगून राहिल्या तुमी मले हे?"

त्यांचं खरं होतं. खदानीची कड सरळसोट खाली जाते. तिथे पाय घसरला तर संपलंच.

"काका," मी म्हटलं, "सेक्टर दोनमध्ये आम्हाले कोण सांभाळे? तिथे गार्ड नव्हता, भोंगा नव्हता. उघड्या नालीकडे गेलो की कोणत्या तरी दारातून कोणी तरी काका वरडे. पोर आपलं असो का दुसऱ्याचं. घाबरून पळत यायचो."

"हिलेच जास्त वरडावं लागे," बाबा म्हणाले. "बारा घरचे काका थकले हिच्यापायी."

धोटे काका हसले नाहीत, पण खाली बसले. "अन् तसे काका कुठून आनता तुमी?"

"रिटायर झालेले सगळे घरीच बसून कंटाळून राहिले ना," मी म्हटलं. "हे पहा एक."

बाबा चपापले. पण नाही म्हणाले नाहीत.

रेलिंगला आम्ही हात लावला नाही. पिवळे पट्टे पाण्याच्या कडेपुरते ठेवले. गेट सताड उघडं, पास बंद, फळा काढला. दुलारीबाईच्या गटाने गेटचे खांब छुहीने, म्हणजे घरं सारवायच्या पांढऱ्या मातीने, सारवून त्यावर मोर काढले. खाकी गेली, आणि पाण्याकाठच्या बाकांवर रिटायर मंडळी येऊन बसली. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. एखादं पोर रेलिंगवर चढलं की दोन्हीकडून एकदम, "ए बाबू! उतर नीचे! किसका लड़का है?" आणि पोराचा बाप धावत आला की, "कौन से सेक्टर के? किस शॉप में हो?" शॉप म्हणजे प्लांटमधलं खातं. झालं! गप्पा सुरू. चटया अंथरल्या जायच्या, चीला मागवला जायचा. ड्वेल टाइम वाढवायचे कितीतरी उपाय मी प्रस्तावांत लिहिले आहेत, पण 'कौन से सेक्टर के?' हा उपाय मला कधी सुचला नव्हता.

भोंग्याची चावी धोटे काकांनी स्वतःच्या खिशात टाकली. "फक्त धोक्याले," म्हणाले.

तपासणीच्या मॅडम रविवारी आल्या. मैदान भरलेलं, सीजी ०७ ची रांग रस्त्यापर्यंत, दुलारीबाईला मान वर करायला फुरसत नाही. मला मनातून नाचावंसं वाटत होतं. सगळं बघून झालं आणि मॅडमनी भोंग्याच्या खांबाकडे बोट केलं.

"ये ग्रांट से लिया है ना? इस्तेमाल में तो नहीं दिखता."

हा नियम आहे. अनुदानातून घेतलेली वस्तू वापरात असली पाहिजे, नाहीतर पुढचा हप्ता अडतो. मी उत्तर जुळवत होते तोवर धोटे काका ताठ झाले. "बिलकुल चालू है मैडम! सुनिए!"

"काका, नको!"

चावी फिरली होती, बटण दाबलं गेलं होतं.

जेवणाची वेळ. सगळीकडे डबे उघडे. भोंगा वाजला आणि अख्खं मैदान उठलं. ना आरडाओरडा, ना पळापळ. झाकणं लागली, चटया गुंडाळल्या, पोरांचे हात धरले आणि सगळं भिलाई शिस्तीत गेटकडे चालायला लागलं. दुलारीबाई झारा हातात धरून उभी. "मोर फरा जुड़ा जाही!" ती ओरडली. फरा थंड होईल म्हणून नव्हती ओरडत ती, ते मला कळत होतं. गेला हप्ता, मी मनात म्हटलं. माय वं, सगळं गेलं!

गेटबाहेर पोचल्यावर लोक थांबले. एकमेकांकडे बघितलं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू रांगेत मागेपर्यंत पसरत गेलं. बायका नवऱ्यांना टोमणे मारत होत्या. "छुट्टी के दिन भी तुम्हारा ड्यूटी नहीं छूटता!" आणि हसत हसत सगळे परत आत आले. चटया पुन्हा अंथरल्या गेल्या.

मॅडम अजून गेटकडेच बघत होत्या. "ये ड्रिल इनको किसने सिखाई?"

"सिखाना नहीं पड़ता मैडम," धोटे काका म्हणाले.

मॅडमनी काही लिहिलं. मी बाबांना शोधायला गेले, कारण त्यांचा बाक रिकामा होता. ते गेटबाहेर आमच्या गाडीला टेकून उभे होते, हातात डबा.

"बाबा, सगळे परत आले. चला ना."

"मले मालूम हाय."

"मग?"

"असाच उभा हाव जरा." ते गेटकडे बघत होते. "भोंगा वाजला अन् आपून आपल्या पायानं गेटबाहेर आलो. तिथं काम करत होतो तवा रोज मनात म्हनो, आजचा दिवस गेला, रंजूले भेटतो. तुले कधी सांगतलं नाई."

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही तसेच थोडा वेळ गाडीला टेकून उभे राहिलो. मग पोळ्या कडक होतील म्हणून तेच निघाले.

दुसरा हप्ता मंजूर झाला. सोबत एक शेरा होता: आपत्कालीन व्यवस्था उत्तम, भोंग्याची चाचणी वेळोवेळी घ्यावी, परंतु भोजनाच्या वेळी घेऊ नये. धोटे काकांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

आता कुठल्याही जागेचा प्रस्ताव लिहायच्या आधी मी तिथे येणारा माणूस आठवडाभर काय करतो ते विचारून घेते. टॉयलेटचा नकाशा त्यानंतर.

दुलारीबाईचं स्वयंपाकघर उभं राहिलं. बाबा रविवारी तिथल्या बाकावर बसतात, पोरांवर ओरडतात. दोन वाजता भोंगा वाजत नाही, तरी ते घड्याळ बघतात आणि उठायला लागतात. मग दुलारीबाई आतून गरम चीला घेऊन येते आणि त्यांच्या हातात देते.

"बइठ बाबा," ती म्हणते, "अभी छुट्टी नइ होय हे."