मास्तराच्या ताटातला पोटा

खाएम्बा मास्तर आणि मी एका सुरीचे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात आम्हाला नदीवर चिखल फासला आणि आपापल्या बापाच्या अंगणात कापायला, म्हणजे सुंता करून पोराचा पुरुष करायला, उभं केलं. पापणी लवली की जन्माची नाचक्की. आमची लवली नाही. एका सुरीच्या गड्यांनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, राग मात्र धरू नये, असा आमचा रिवाज. तो मी आजवर मनापासून पाळला.

खाएम्बा पुढे चर्चचा धर्मशिक्षक झाला आणि त्याला शोध लागला, की आपली सुरी आणि चर्चचे संस्कार एकच. चिखल म्हणजे बाप्तिस्मा, सुरी म्हणजे बिशपनी कपाळाला तेल लावून करायचं दृढीकरण, जखम भरल्यावरचं जेवण म्हणजे ख्रिस्तप्रसाद. "कपाळाला बिशपचं तेल लागलं नाही, तो देवापुढे पोरच!" हे तो तीस वर्षं दर रविवारी ओरडत आला. तेल न लागलेल्या म्हाताऱ्यांनाही त्याने पोरांच्या बाकावर बसवलं.

मग नवे फादर आले. बिशप येणार म्हणून त्यांनी जुन्या वह्या काढल्या, तर मास्तराच्याच नावापुढे दृढीकरणाचा रकाना कोरा! आमच्या सुरीच्या वर्षी बिशप ज्या सकाळी दृढीकरणाला आले, त्याच सकाळी हा माझ्याशेजारी चिखलात उभा होता. फादर म्हणाले, "पोरांच्या रांगेत उभे राहा, नाहीतर शिकवणं बंद." शिकवणं बंद झालं असतं, तर गावात त्याला कुत्र्यानेही विचारलं नसतं.

बातमी गावभर करायचं पुण्य मी घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी एका पोराशी संसार केला!" त्याची बायको नासाम्बू म्हणाली. त्या संध्याकाळी कोंबडी शिजली. आमच्याकडे कोंबडीचा पोटा घरच्या कर्त्या पुरुषाचा, दुसऱ्या कुणाचा नाही. तिने तो थोरल्या मुलाच्या ताटात वाढला. "मकोखाचे बाबा, तुमचीच शिकवण. याला तेल लागलंय, तुम्हाला नाही." मकोखाने मान खाली घालून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मास्तर माझ्याकडे आला. "सिताती, बिशप तळ्याकडच्या जमातीचे. त्यांच्यात कापायची रीतच नाही. त्या न कापलेल्या माणसाने मला पुरुष करायचं?"

"मग राहा पोर. बाक रिकामा आहे."

"मेल्या, तुला जीभ दिली कुणी?"

रविवारी तो रांगेत उभा राहिला. कोट घातलेला, आणि आजूबाजूला त्याच्या खांद्यालाही न लागणारी पोरं. आम्ही एका सुरीचे सगळे पुढच्या बाकावर, पापणीवर नजर ठेवून. बिशपनी तेल सढळ हाताने लावलं. ते कपाळावरून ओघळून थेट डोळ्यात गेलं. डोळा लालबुंद झाला, पण पापणी हलेना.

"आजोबा, डोळा मिटा," बिशप म्हणाले.

"नाही जमायचं, बाबा. समोर मित्र बसलेत."

बिशप हसले. त्यांनी प्रार्थना थांबवली आणि स्वतःच्या बाहीने त्याचा डोळा पुसला, सावकाश, आई पुसते तसा. तेव्हा कुठे मास्तराने पापण्या मिटल्या. आम्ही बाकावर खुसखुसलो.

दुपारी मास्तराच्या घरी जेवण. नासाम्बूने पोटा नवऱ्याच्या ताटात वाढला आणि आम्ही टाळ्या पिटल्या. मास्तराने तो उचलला आणि शेजारी बसलेल्या बिशपच्या ताटात ठेवला.

"अरे गाढवा, ते कापलेले नाहीत!" मी आमच्या बोलीत ओरडलो.

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि बिशपकडे वळला. "खा, बाबा. हा तुमचा."

बिशपनी खाल्ला. मी ताट टाकून उठलो. एका सुरीच्या गड्याचा राग धरायचा नाही, तरी धरला. घरी पोचेपर्यंत राग ओसरला, पण मला त्याचा हेवा वाटू लागला. चिखलातून बाहेर आल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, की तो माझ्या पुढे गेला.