क्लेची वडी आणि जांभळाचा डाग

आमच्या घरी गाडी धुण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि त्यातून आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. पांढरी, बारा वर्षांची. देवासची धूळ आणि समोरच्या जांभळाचा रस अंगावर झेलत ती दारात उभी असते. मी सोनकच्छच्या शाळेत गणित शिकवतो आणि रोज बसने जातो, त्यामुळे गाडी चालते कमी आणि उभीच जास्त. नानांचंही तसंच झालं होतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून ते फाटकाबाहेर फारसे पडतच नव्हते. सकाळी उठून गाडीपाशी जायचे, बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभे राहायचे आणि आत यायचे. (मला वाटायचं, इंजिन गरम आहे का बघतात. आणि गाडी महिनाभर जागची हललेली नसायची!)

अशात धारहून ताईचा फोन आला. भाचीचा साखरपुडा ठरला होता.

"नानांना घेऊनच ये," ताई म्हणाली. "नाहीतर तू पण येऊ नकोस."

नानांना विचारलं.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "ती नसताना मी तिथं जाऊन काय करू?"

उत्तर नसलं की मी काहीतरी विकत घेतो. मला वाटलं, गाडी नव्यासारखी चमकली तर नानांना तिच्यात बसावंसं वाटेल. हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही, नाहीतर कुणीतरी मला वेळेवर थांबवलं असतं.

आमच्या शेजारी पप्पू भिया राहतात. (इकडे माळव्यात भैयाचा भिया होतो.) त्यांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे.

"भिया, शाम्पू से कुछ नी होगा," ते म्हणाले. "क्ले बार मारो!"

त्यांनी माझ्या हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली आणि तो हात धुतलेल्या गाडीवरून फिरवला. बोटांना रवा लागावा तसं खरखरीत लागलं.

"देखा? रंग में लोहे का चूरा बैठा है. ये मिट्टी सब खींच लेगी."

ही मिट्टी म्हणजे साबणाएवढी एक पांढरी वडी, कणकेसारखी मऊ. साबणाचं पाणी फवारायचं, वडी हलक्या हाताने फिरवायची, मळकी झाली की आत दुमडून मळायची आणि स्वच्छ बाजू वर काढायची. मात्र जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यायची, कारण खडा चिकटला की गाडीवर ओरखड्यांची रांगोळी उठते.

रविवारी सकाळी मी चड्डी-बनियनवर कामाला लागलो. आणि काय सांगू, जमलं! दार काचेसारखं गुळगुळीत झालं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातून एक काम नीट होत होतं. (तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.) मी वर्षाला, म्हणजे बायकोला, हाका मारून बाहेर बोलावलं आणि दारावर हात फिरवायला लावला.

"छान आहे," ती म्हणाली. "खिडक्यांच्या जाळ्या पण होतील का हो अशा?" आणि आत गेली.

मी बॉनेटकडे वळलो. त्याच्या डाव्या कोपऱ्यात एक डाग होता. तांबूस, कडेला पिवळट, पसरलेला. हा जांभळाचा, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. (जांभळाचा डाग पिवळा कसा पडेल, असं गणिताच्या मास्तरला विचारायचं कुणी!) हलक्या हाताने तो गेला नाही, म्हणून जोर लावला. पप्पू भिया कुंपणावरून "हां, और! और!" करत होते. वडी गुलाबी झाली. दुमडली, मळली, पुन्हा घासली. वीस मिनिटांत बॉनेट कोरं करकरीत! आनंदाच्या भरात मी दोन्ही हात वर केले आणि वडी निसटून थेट खडीत पडली.

"गई," पप्पू भिया म्हणाले. "अब फेंक दो."

तेवढ्यात कचरा गाडी गाणं वाजवत आली. वर्षा बादली घेऊन धावतच बाहेर आली, वाटेतली वडी उचलून बादलीत टाकली आणि बादली कचरा गाडीत रिकामी केली. गाडी पुढे गेली.

मग चहा पिऊन नाना बाहेर आले. नेहमीसारखे गाडीपाशी गेले आणि नेहमीच्या जागी हात ठेवला. हात तिथंच थांबला. मग थोडा इकडे, थोडा तिकडे फिरला, उशाशी चष्मा चाचपावा तसा. मी शाबासकीची वाट बघत उभा!

"इथलं काय झालं, मिलिंद?"

"निघालं, नाना! पार निघालं! जांभळाचा डाग होता."

"स्वस्तिक होतं ते," नाना म्हणाले. "शेवटच्या दसऱ्याला तिनं काढलेलं. कुंकू तेलात कालवायची. मी म्हणायचो, पाण्यात कालव, डाग राहतो. राहिला."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. गेल्या दसऱ्याला त्यांनी गाडीला नुसता झेंडूचा हार घातला होता, स्वस्तिक कुणालाच काढू दिलं नव्हतं, ते मला आत्ता आठवलं. नाना पायरीवर बसले.

"घासलंस ते गेलं कुठं?"

"त्या वडीत."

"आणि वडी?"

मी रस्त्याकडे बघितलं. गाणं पुढच्या गल्लीत वाजत होतं.

मी पळालो. अंगात बनियन, हातांना फेस, एका पायात चप्पल. (वाटेत शाळेचे हेडमास्तर भेटले. ते देवासला सहा महिन्यांतून एकदा येतात.) कचरा गाडी गाठली आणि तिच्यावरच्या बाईंपुढे हात जोडले.

"दीदी, रुको! हमारे यहाँ से गलती से एक चीज चली गई!"

"सोना?"

"नहीं. मिट्टी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"गीले में डाली थी के सूखे में?"

क्लेची वडी ओला कचरा की सुका, हे मला आजही माहीत नाही. मी आधी सुक्यात शोधलं, मग ओल्यात, पार खांद्यापर्यंत.

"ऐसा क्या है उसमें, भिया?"

"मेरी माँ के हाथ का..." मी म्हणालो आणि पुन्हा ओल्यात हात घातला.

बाईंनी गाणं बंद करायला लावलं, हातमोजे चढवले आणि माझ्या शेजारी वाकून त्याही शोधू लागल्या. मेथीच्या देठांखाली वडी सापडली, कांद्याच्या सालींसकट.

नानांनी एकेक साल काढली, एकेक खडा काढला. वडी आता करडी झाली होती, गुलाबी कुठंच दिसत नव्हतं.

"ह्यात आहे ना?"

"आहे, नाना. आत आहे. मीच दुमडलं."

"बरं," म्हणून ते आत गेले आणि आईच्या सुपारीच्या डबीत त्यांनी ती वडी ठेवली.

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही आवरून बाहेर आलो तर नाना कोट घालून पुढच्या सीटवर बसलेले, मांडीवर डबी! धारपर्यंत गाडी अगदी सांभाळून चालवली.

ताई दारात आली. नानांना बघून तिचे डोळे भरून आले. तिला बॉनेट नीट दिसावं म्हणून मी गाडी मुद्दाम वळवून लावली होती. (माणूस सुधारत नाही.) तिनं एकदाच बघितलं.

"अरे, इथलं आईचं स्वस्तिक कुठं गेलं?"

म्हणजे धारला राहणाऱ्या ताईला ठाऊक होतं! मागोमाग भाचीनंही तेच विचारलं, म्हणजे तिलाही ठाऊक होतं! मी वर्षाकडे बघितलं.

"मला पण ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही मला दार दाखवलंत, बॉनेट कुठं दाखवलंत?"

गाडीचं छत अजून खरखरीतच आहे, कारण दुसरी वडी आणायची माझी हिंमत नाही. पहिली डबीत घालून नानांनी देवघरात ठेवली आहे आणि रोज तिच्यावर एक फूल वाहतात. आणि मी रोज सकाळी आंघोळ करून देवांना आणि देवांच्या शेजारी बसलेल्या माझ्या गाढवपणाला मनोभावे नमस्कार करतो.