मार्चमधला पहिला शुक्रवार

सोलापुरात मार्च लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आणि नेमका त्याच महिन्यातला पहिला शुक्रवार जगभरातल्या ख्रिस्ती बायकांच्या प्रार्थनेचा ठरलेला. ज्यांनी तो ठरवला त्या थंड मुलखातल्या असणार, असं मला शाळेत असल्यापासून वाटत आलंय. चार वाजता तापलेल्या पत्र्याखाली सतरंज्या पसरायच्या आणि आमच्या वस्तीतल्या बायका पदरानं वारा घेत साऱ्या जगासाठी प्रार्थना करायच्या. विणकरांच्या वस्तीतल्या तेलुगू बायकाही त्या दिवशी यायच्या. त्या आपल्या भाषेत गायच्या, आम्ही आमच्या, आणि पेटीवाला दोन्हीकडच्यांना सांभाळून घ्यायचा.

ती उपासना दर वर्षी वेगळ्या देशातल्या बायका लिहून पाठवत. कुणीतरी तिचं मराठी करी आणि आमच्याकडे सायक्लोस्टाइल केलेले कागद येत. त्यांची शाई हाताला लागे. एका वर्षी लिहिणाऱ्या बायका बर्फाच्या देशातल्या निघाल्या. हिवाळा लवकर सरू दे, घराबाहेरचं बर्फ वितळू दे, अशी विनवणी त्यात होती. घामानं थबथबलेल्या आमच्या बायकांनी ती अगदी मनापासून म्हटली. परतताना आईनं विचारलं, "ह्ये बर्फ म्हंजे गोळेवाल्याचं का गं?" मी हसले. तिला हसू आलं नाही, कारण तोवर माझी थोरली बहीण तसल्याच एका देशात राहायला गेली होती.

बहीण मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकली आणि सत्तरचं दशक लागलं तेव्हा जर्मनीला गेली. वडील गिरणीत होते. तिचं भलं होईल म्हणून त्यांनी लगेच होकार दिला. आईनं मात्र बरेच दिवस अन्नावरचं मन काढून घेतलं होतं. ती कबूल झाली ती एकाच गोष्टीवर. मिशन कंपाउंडातल्या गोऱ्या मडमबाई तिकडच्याच, आपल्या हातात देवाचं पुस्तक आलं ते तिकडूनच, म्हणजे पोरगी आपल्याच माणसांत जातेय. मडमबाई अमेरिकेच्या आणि जर्मनी वेगळी, हे मी तिला नकाशा काढून दाखवलं. "असू दे की. दोनीकडं येशूचीच मान्सं," ती म्हणाली. एकटी पडणार नाही एवढंच तिला हवं होतं.

आमच्यात दळण करताना मूठभर ज्वारी देवासाठी बाजूला काढायची रीत होती. डबा भरला की रविवारी चर्चमध्ये नेऊन ओतायचा. बहीण गेल्यापासून आई दोन मुठी काढू लागली. वडील एकदा चिडून म्हणाले, "आता एक तोंड कमी हाय, आन् तू दुप्पट काढतीस?" आई म्हणाली, "तिची मूठ तिनंच काढली असती की. ती हितं न्हाय म्हनून काय देवाची चुकवायची?" वडिलांनी टोपी घातली आणि बाहेर पडले. आईशी वाद घालून त्यांना कधी यश आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी उपासनेच्या सुरुवातीला पाळकीणबाईंनी, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांच्या बायकोनं, समजावलं की ही प्रार्थना सूर्याबरोबर चालते. आधी पूर्वेकडच्या बेटांवर, मग आपल्याकडे, मग पुढे युरोपात. आईनं ते पक्कं धरलं.

"म्हंजे आपलं झालं की तेच बोल तिच्याकडं जानार?"

"हो, त्यांच्या भाषेत," पाळकीणबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो शुक्रवार आईचा झाला. दर वर्षी त्या कागदात घरापासून दूर राबणाऱ्यांसाठी चार-दोन ओळी असायच्याच. आईनं हट्टानं तेवढ्या स्वतः म्हणायला मागून घेतल्या. तिला अक्षरओळख नव्हती. मग फेब्रुवारीभर मी चुलीपाशी बसून ओळ सांगायची आणि ती भाकरी थापत म्हणायची. अजूनही मला त्या ओळी भाकरीच्या थापेसकटच आठवतात. बहिणीला पाठवायच्या प्रत्येक निळ्या पत्राच्या शेवटी आई मला एक वाक्य लिहायला लावायची, मार्चातला शुक्रवार चुकवू नकोस. उत्तरात बहीण सगळं बरं आहे असं कळवायची.

काही वर्षांनी ती सुट्टीवर आली. आईला सोलापूर स्टेशनावर वाट पाहण्याचा धीर नव्हता, म्हणून आम्ही दोघी कुर्डुवाडीपर्यंत गेलो आणि तिथून तिच्या डब्यात चढलो. तिनं केस आखूड केले होते. आईनं ते पाहिलं आणि तिचा हात धरून बसली, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

रविवारी चर्चमध्ये दाटीवाटी झाली. तिला भेटून सलाम करायला आलेल्यांची रांग संपेना. घरी जेवून आडवं झाल्यावर आईनं इतके दिवस मनात धरलेलं विचारलं.

"तितं त्या शुक्रवारी लई बाया जमत आसतील, न्हाय?"

 बहीण म्हणाली, "आई, दगडी चर्च हाय, आपली सगळी वस्ती मावंल येवढं. आत चार म्हाताऱ्या आसत्यात. मडमबाईंसारखं कुनी न्हाय तितं."

"आन् तू?"

"माजी ड्यूटी आसती त्या दिवशी."

"येकदा बी न्हाय?"

"न्हाय."

मला तिचा संताप आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? आईला काय कळणार होतं? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझा राग जागीच विरला. ती आईकडे अशी पाहत होती, जणू हे सांगायलाच इतक्या लांबून आली होती.

 आईनं फक्त विचारलं, "मग तू जेवताना बसतीस कुनाजवळ?" बहीण तिच्या मांडीत डोकं घालून रडली. राहा म्हणायचं आईच्या जिभेवर होतं, मला दिसत होतं. पण बहीण पाठवायची त्या पैशांवर आमचे धाकटे भाऊ शिकत होते. सुट्टी संपली आणि ती परत गेली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये मी नेहमीसारखी आईची तयारी करून घेतली. उपासनेत तिची पाळी आली. ती उभी राहिली, पदर सारखा केला, ओळी म्हटल्या. एकही शब्द चुकला नाही. बायका "आमेन" म्हणाल्या आणि पाळकीणबाईंनी पान उलटलं. आई बसलीच नाही. तिनं पहिल्यापासून तेच पुन्हा म्हणायला सुरुवात केली.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाळकीणबाईंनी हळूच तिच्या कोपराला हात लावला, "झालं तुमचं, बसा." आईनं मानेनं हो म्हटलं आणि थांबली नाही. माझे कान तापले. म्हातारी गोंधळली, असं मागून कुणीतरी कुजबुजलं. शेवटची ओळ संपवून मगच ती खाली बसली.

घरी जाताना मी विचारलं, "दोनदा का म्हटलंस?"

"येक माजं, येक तिचं," आई म्हणाली. "तिला सुट्टी न्हाय आज."

मग ती जगली तोवर दर वर्षी दोनदा म्हणत आली, आणि बायका दोन्ही वेळा "आमेन" म्हणायला शिकल्या. बहीण तिकडेच राहिली, तिकडेच आजी झाली. शुक्रवारी ती कुठे असते हे मी तिला कधी विचारलं नाही. आईच्या ओळी आता माझ्याकडे आल्या आहेत. कागद छापील येतो, डोक्यावर पंखा असतो. मी माझं म्हणते, मग बहिणीचं म्हणते. बसायच्या आधी आईचं राहिलेलं असतं, आणि त्या वेळी माझा आवाज फुटत नाही, तेव्हा बायकाच ते म्हणून पुरं करतात.