वाळत घातलेली मेमरी

गेल्या मे महिन्यात आमच्या संगणकाची मेमरी घरापुढच्या खळ्यात फणसपोळ्यांबरोबर उन्हाला वाळत होती. ती तिथे मी मुद्दाम घातली नव्हती, एवढंच मला माझ्या बाजूने सांगता येईल.

त्याचं असं झालं. सुलभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, फणसपोळीची पहिलीच मोठी ऑर्डर मिळाली होती, दादरच्या एका दुकानाची. डब्यांवर छापील लेबल असेल तरच माल घेणार, असं दुकानदाराने बजावलेलं. संध्याकाळी टेम्पो मुंबईला निघायचा होता. लेबलं छापून देणारा बाजारातला माणूस लग्नाला गावी गेलेला. (मे महिन्यात रत्नागिरीत एकतर तुमच्या घरी लग्न असतं, नाहीतर तुम्हाला हवा असलेला माणूस लग्नाला गेलेला असतो.)

"घरात मी असताना दुसरीकडे कशाला जायचं?" मी म्हणालो.

"त्याचीच तर काळजी आहे," सुलभा म्हणाली.

आमचा संगणक तसा वयस्कर. सुरू केला की अर्धा तास शहाण्यासारखा वागायचा. मग धापा टाकायचा, मग माउस जागच्या जागी थिजायचा आणि शेवटी पडदा निळाशार! लेबलाची फाईल उघडून छपाईपर्यंत जाईतो त्याची घटका भरायची. मी मेमरीचा आकडा उघडून पाहिला. चाळीस टक्के, साठ, ऐंशी, पंच्याण्णव, निळा पडदा! (नेमका कोणता प्रोग्राम किती खातो हेही तिथेच खाली लिहिलेलं असतं. हे मला नंतर कळलं.)

"मेमरी घाण झाली असणार," असं निदान करून मी संगणकाची पेटी उघडली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या आणि खोडरबरने घासल्या. एक जागेवर बसवली. दुसरी हाताशी असलेल्या ताटात ठेवली. ते ताट पोळीचं होतं आणि सुलभाने ते उचलून उन्हात नेलं. इकडे अर्ध्या मेमरीवर संगणक दहाच मिनिटांत झोपायला लागला!

"अहो, ही पोळीला चिकटलेली हिरवी पट्टी कसली?" खळ्यातून आवाज आला.

मी धावलो. पट्टी स्पिरिटने पुसून, वाळवून पुन्हा बसवली. संगणक चालू झाला, हा त्याचा मोठेपणा. आता पुन्हा अर्ध्या तासाने झोपू लागला.

मग मी पंख्यातली धूळ काढायला चुलीची फुंकणी आणली. एक फुंकर मारली. धूळ माझ्या तोंडावर आली आणि पाठोपाठ एक पाल बाहेर पडून माझ्या बाहीत शिरली. त्यानंतर मी जे नाचलो, ते शेजारच्या बापूदादाने कुंपणापलीकडून पाहिलं.

पाल गेली. निळा पडदा राहिला. मग मात्र मी खऱ्या गुन्हेगाराकडे बोट दाखवलं.

"तुझ्या लेबलामुळे होतंय हे! केवढा तो फणस टाकलायस चित्रात! इतक्या जुन्या मशीनला पेलणार कसा?"

"फणस काढून बघा," ती शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलते तेव्हा मी घाबरतो.

फणस काढला. निळा पडदा. लेबलाची फाईल उघडलीच नाही. तरी निळा पडदा! सुलभा घड्याळाकडे पाहून डबे पुसत बसली. भरलेल्या, पण कोऱ्या डब्यांवरून तिचा हात फिरताना पाहिला आणि पहिल्यांदाच मला वाटलं, हिची ऑर्डर आपण बुडवतोय.

इतक्यात नाच कसला होता ते विचारायला बापूदादा आलाच. हा माझा चुलतभाऊ, जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये होता. निवृत्त झाला तरी कुणाचाही बिघाड दिसला की त्याला तरतरी येते.

"बाळ्या, मेल्या, बोटीत पाणी शिरलं की आम्ही पाणी पुसत बसत नसू. भोक शोधायचं! एकेक झडप बंद करायची नि बघायचं, पाणी थांबतंय का. एकेक प्रोग्राम बंद कर."

मी बंद करत गेलो. अँटीव्हायरस बंद, गाणी बंद, पत्त्यांचा डाव बंद (तो कुणी उघडला होता, या चर्चेत आम्ही पडलो नाही). आकडा चढतच होता.

"आता काय राहिलं?"

"काही नाही."

"मग कोपऱ्यात ती निळी लाट कसली हलतेय?"

"ती होय? ती भरती-ओहोटी दाखवते. ती नाही बंद करायची. ती माझी आहे!"

मी रविवारी गरी टाकून मासे धरायला जातो. मासा सहसा येत नाही. पण निघण्याआधी भरती किती ते कळायला नको? म्हणून कुठूनतरी फुकटात उतरवून घेतलेला प्रोग्राम होता तो.

बापूदादाने माझ्याकडे पाहिलं. मग संगणकाच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीबाहेर आमची खाडी, काठोकाठ भरलेली.

"आणि ही खाडी काय कॅलेंडरातलं चित्र म्हणून लावलीयस?"

मी लाट बंद केली. आकडा झरझर उतरला आणि चाळिसावर जाऊन थांबला, तो हललाच नाही. तो प्रोग्राम संगणकाबरोबर आपोआप सुरू होऊन दर मिनिटाला नवी लाट आणत होता आणि जुनी एकही सोडत नव्हता. सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या लाटा त्या बिचाऱ्या यंत्राच्या पोटात!

फणस पुन्हा लेबलावर चढला. प्रिंटर खडखडायला लागला. मी कापतोय, सुलभा चिकटवतेय, बापूदादा "डावीकडे वाकडं, डावीकडे!" असा बंदरावरचा आवाज लावतोय. शेवटचा डबा टेम्पोत चढला तेव्हा ड्रायव्हर गिअर टाकत होता.

टेम्पो वळणापलीकडे गेला आणि माझी छाती पुन्हा फुगली. "जुनं मशीन आहे. दुसऱ्या कुणाला सापडलं नसतं हो!"

बापूदादाही विरघळला. "माझा लॅपटॉप पण हल्ली असाच मधेच बंद पडतो. बघशील काय रे?"

"आण की!" मी म्हणालो.

"आणा, भावोजी, खुशाल आणा," सुलभा चहाचे कप ठेवत म्हणाली. "फक्त आधी चार दिवस ह्यांना वापरायला द्या. बिघाड स्वतः केलेला असल्याशिवाय ह्यांना सापडत नाही."