सफरचंदाला ताण

माझे बाबा बळीराम बाभुळगावजवळच्या एका संत्र्याच्या बागेत माळी होते. बागेतली चारशे झाडं त्यांचं निमूट ऐकायची. घरच्या एका झाडानं मात्र त्यांना सहा वर्षं रडवलं.

ते झाड सफरचंदाचं. छप्पन साली आई, इंदूबाई, यवतमाळच्या दवाखान्यात आठ दिवस होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे पाहुणे सफरचंदं घेऊन यायचे. एका दुपारी बाबा भाकर घेऊन पोचले, तेव्हा आई त्या बाईनं दिलेली फोड खात होती. बाबांची मान खाली गेली. आपल्या बायकोनं दुसऱ्याच्या हातची फोड खावी, हे त्यांच्या मनाला फार लागलं. पुढच्या वर्षी बागेच्या मालकानं थंड मुलखातून आणलेल्या तीन रोपांपैकी दोन मेली, तेव्हा उरलेलं एक बाबांनी मागून आणलं.

"तुले घरचं अख्खं सफरचंद खाऊ घालतो," ते आईला म्हणाले. आई काही बोलली नाही. न बोलण्याची खोड आमच्या घरात जुनीच.

न्हाणीमागे लावलेलं झाड वाढलं, छपराला टेकलं, पण फूल म्हणून नाही. लोक हसायचे, "बळीरामभाऊ, हे थंडीचं झाड. आपल्या उन्हात कायले फळते?"

बाबांना विद्या एकच येत होती, संत्र्याची. वैशाखात मुळं उघडी करायची, पाणी तोडायचं आणि झाड सुकू द्यायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं गळाली की मृगाच्या तोंडावर पाणी सोडायचं, मग झाड बहरतं. साठ सालापासून त्यांनी सफरचंदालाही असाच ताण दिला. हे मात्र ढिम्म. एक पान गळेल तर शपथ! बाबा चिडून झाडाला लाथ घालायचे आणि मग अंगठा धरून बसायचे.

पान गळेल कसं? बाबा बागेत गेले की आई विहिरीवरून दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरून पाणी आणून मुळांत ओतायची आणि वरून कोरडी माती पसरायची.

"डोक्यावरून पाणी वाहून जगवलं मी त्याले. आता डोयासमोर मरू देऊ काय?" ती मला म्हणायची. "बाबाले सांगशील तर माह्या गळ्याची आण."

ताण कशासाठी, हे तिला समजावून सांगणं बाबांना सुचलं नाही, आणि विचारणं तिला. मधे मी, तोंडाला कुलूप लावून. आजही आठवलं की तिघांचीही चीड येते.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मामीच्या बाळंतपणासाठी आई महिनाभर कळंबला गेली. इकडे पानं गळाली. मृगात बाबांनी पाणी सोडलं आणि पंधरा दिवसांत झाडावर फुलं! आई परत आली, फुलं पाहिली आणि पाणी तुटल्यामुळेच ती आली हे तिला उमगलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

"तीन सालं वाया घालवले तुनं!" बाबा ओरडले. त्यानंतर फळं उतरेपर्यंत त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

फळं धरली चार. दिवाळीच्या आधी बाबांनी ती तोडली, लिंबाएवढी, हिरवीगार. त्यातलं मोठं धुऊन त्यांनी आईच्या हातात ठेवलं. "खाय. अख्खं."

आईनं चावा घेतला आणि तिचे दात आंबले. तरी दुसरा घेतला. मग उठली, चारही फळं चिरली, मेथीदाण्याची फोडणी दिली, तिखट टाकलं, गूळ घातला आणि कैरीची करतो तशी लुंजी शिजवली.

"कापलं काहून?" बाबांचा आवाज चढला. "तुले अख्खं खाऊ घालाचं होतं मले!"

"मले तवा दवाखान्यातही आवडलं नोतं," आई म्हणाली. "तुमाले भाकर आणाले उशीर झालता. भूक लागलती, म्हणून खाल्लं."

बाबांनी ताट पुढे ओढलं आणि लुंजीशी भाकर खाल्ली.

पुढच्या वैशाखात त्यांनी ताण दिला नाही. पाणी आता बाबाच आणायचे, भर उन्हात, दोन-दोन गुंड. झाड हिरवंगार राहिलं आणि त्याला पुन्हा कधी फूल आलं नाही. त्या लुंजीतली माझ्या वाट्याला एक फोड आली होती. एकच.