अडाणीपणाचा सराव

सुंदरराव मास्तरांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मन लावून शिकवली, ती म्हणजे काहीही न येणं. मी त्यांच्या हाताखालून गेलो आहे, ऐकीव सांगत नाही. गावात अजून त्यांचं नाव निघालं की ‘लई कडक मास्तर’ असं म्हणणारे भेटतात. त्यांतला एकही शाळेत गेलेला नाही, आणि शाळेबाहेरून सगळेच मास्तर कडक दिसतात.

लिंबागणेशच्या पलीकडं दोन कोसांवर आमचं गाव. निजामाचं राज्य, आणि जर्मनची पहिली लढाई संपून पाच-सहा वर्षं झालेली. सरकारी शाळा मारुतीच्या देवळामागच्या पडवीत भरायची. सुंदरराव तिथले एकटेच शिक्षक, आणि एकटेच असल्यामुळं स्वतःला ‘सदर मुदर्रिस’, म्हणजे मुख्य शिक्षक म्हणवून घेत. सकाळी येत, तपकिरीची चिमूट ओढत, एका पोराला पाढे म्हणायला उभं करत आणि खांबाला टेकून डोळे मिटत. पाढे थांबले की जागे होत, छडी चालवत, पुन्हा टेकत. आम्हाला जे थोडंफार येत होतं ते आम्ही एकमेकांकडून उचललेलं होतं, त्यातलं बरंचसं शहादेवकडून.

शहादेव छबुबाईचा मुलगा. छबुबाई विधवा होती. लोकांच्या रानात खुरपायची आणि दर आठवड्याला शाळेची पडवी सारवायची. पोराला पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ. चावडीवर कुणाचा मोडीतला कागद आला आणि कुलकर्णी गावात नसले, तर माणसं शहादेवला बोलावून वाचून घेत. छबुबाईचं एकच म्हणणं होतं, पोरगं बीडच्या मोठ्या शाळेत गेलं पाहिजे. बाकी तिनं देवाकडंही काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

अशात मोहतमीमसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षणखात्याच्या साहेबांचा हुकूम आला. साहेबांच्या कारकुनानं गावोगाव जाऊन प्रत्येक मुलाचा इम्तिहान, म्हणजे परीक्षा, वर्षातून दोनदा घ्यायचा, एकदा दिवाळीनंतर, एकदा शिमग्यानंतर. दोन्ही वेळचे गुण शेजारी-शेजारी लिहायचे आणि मुलात किती वाढ झाली ते तिसऱ्या रकान्यात दाखवायचं. त्या रकान्याला नाव दिलं तरक्की. ज्या शाळेची तरक्की जास्त, तिथल्या मास्तराचा बीडच्या मोठ्या शाळेतल्या जागेसाठी विचार होणार होता. पोराला मोजण्याची ही तऱ्हा ज्यानं काढली तो कधी खेड्यातल्या मास्तराशी बोलला नसावा.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून म्हणाला असता, चला, आता शिकवणं आलं. सुंदररावांनी हुकूम दोनदा वाचला, तपकीर ओढली आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. शिमग्याला पोरं हुशार दिसायची तर दिवाळीला ती मठ्ठ दिसली पाहिजेत. शिकवायला कष्ट पडतात. मठ्ठ करायला फक्त छडी लागते.

दसऱ्यापासून सराव सुरू झाला. मी इतका जागा मास्तर पुन्हा पाहिला नाही. हात छातीशी बांधायचे, मान जराशी वाकडी, तोंड थोडं उघडं आणि आवाज सावकाश. “सात सत्ते?” असं विचारलं की म्हणायचं, “येत न्हाई, मास्तर.” मग ते मनापासून शाब्बास म्हणायचे. पण सगळ्यांनीच ‘येत न्हाई’ म्हटलं तर संशय येईल, म्हणून काहींना चुकायला शिकवलं. एकानं सात सत्ते चव्वेचाळीस म्हणायचं, दुसऱ्यानं पन्नास. फार लांबची चूक चालत नसे. “अडानीपन कसं अंगात मुरलं पायजे बे,” मास्तर सांगायचे, “वरून लावल्यावानी दिसता कामा नये.” जो चुकून बरोबर बोलला त्याच्या पाठीवर छडीचे वळ उठायचे. सरकारी शाळेत बरोबर उत्तराला मार खाल्लेली पिढी आमचीच.

सटवा नावाच्या एका पोराला मात्र सराव लागला नाही. त्याला खरंच काही येत नव्हतं. मास्तर त्याच्याकडं बोट दाखवून म्हणत, बघा, असं पायजे. पुढं शिमग्यानंतरच्या इम्तिहानात सटवानं तीच उत्तरं तशीच दिली, तेव्हा दगाबाज म्हणून त्याला धुतला.

पहिल्या वर्षी डाव फत्ते झाला. दिवाळीला शाळा ठार अडाणी, शिमग्याला पोरं धडाधड बोलत सुटली. मोहतमीमसाहेबांनी लेखी शाबासकी धाडली. सुंदररावांनी ती आप्पाराव पाटलांच्या ओसरीवर वाचून दाखवली, आणि आप्पारावांना त्यातलं अक्षर कळलं नाही तरी त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर शेला टाकला.

दुसऱ्या वर्षी अडचण आली. जी पोरं शिमग्याला हुशार ठरली ती दिवाळीला पुन्हा मठ्ठ कशी? सुंदररावांनी लिहून कळवलं की शेतकऱ्यांची पोरं उन्हाळ्यात गुरामागं जातात आणि सगळं विसरतात. साहेबांना ते पटलं. खेडवळांच्या डोक्यात काही टिकत नाही हे त्यांचं आधीपासूनचंच मत होतं, आता त्याला पुरावा मिळाला.

त्या दिवाळीनंतर मात्र इम्तिहान घ्यायला साहेब स्वतः आले. बीडच्या मोठ्या शाळेत तालुक्यातून एक गरीब मुलगा घ्यायचा होता, राहण्याजेवणासकट, सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर. त्याची निवड ते याच फेरीत करणार होते. ही खबर शिपायानं सकाळीच मास्तरांना दिली आणि सारवणाऱ्या छबुबाईनंही ती ऐकली. ती हातातला पोतेरा तसाच टाकून उभी राहिली.

“मास्तर, आजच्या दिस माझ्या लेकराला खरं बोलू द्या,” ती म्हणाली.

सुंदररावांनी शहादेवला देवळामागं नेलं. मी घागर भरायला तिथंच होतो, सगळं ऐकलं. “आज येत न्हाई म्हन,” ते म्हणाले. “निवड शिमग्याला हुनार हाय, आज न्हाई. तुझी आई अडानी, तिला काय कळतंय. शिमग्यानंतर मी स्वतः तुला बीडला नेतो. माझा शबुद हाय.” शहादेवनं मान हलवली. मास्तर खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. त्यानं बरीच पुस्तकं वाचली होती, पण माणूस वाचायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

साहेब खुर्चीवर बसले. सुंदरराव शेरवानी घालून शेजारी उभे. पोरांमागून पोरं अडाणी ठरत गेली आणि साहेबांचा कारकून गुण मांडत गेला. शहादेवची पाळी आली तेव्हा छबुबाई पडवीच्या कडेला आली होती. साहेबांनी पावकी विचारली. शहादेवनं हात बांधले, मान वाकडी केली.

“येत न्हाई, साहेब.”

मोडीचा कागद पुढं केला. शहादेवची नजर त्यावरून झरझर फिरली. त्यानं सगळा वाचला हे मला दिसलं. तो म्हणाला, “येत न्हाई, साहेब.”

“त्येला येतंया, साहेब,” छबुबाई बाहेरून म्हणाली. “घरी रोज वाचतो. इचारा गावात कुनालाबी.”

साहेबांनी सुंदररावांकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता. बाकीची पोरं कुठं जाणार नव्हती, त्यांची तरक्की तशीच राहिली असती, एका पोरानं मास्तरांचं फार वाकडं झालं नसतं. पण एकाला येतं म्हटलं की बाकीच्यांना का येत नाही, हा प्रश्न निघाला असता आणि बीडची जागा हातातोंडाशी आली होती.

“आईची माया हाय, साहेब,” सुंदरराव हसून म्हणाले. “पोरगं बुद्धीनं मंद हाय. पन मी मेहनत घेऊन वर आनीन त्येला.”

साहेबही हसले. वजिफा वडवणीकडच्या कुणा मुलाला मिळाला. तो मुलगा कसा होता मला माहीत नाही. हुशार असेल, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्या हसण्यावर आहे, आणि तो म्हातारपणीही कमी झालेला नाही.

शिमग्यानंतर शहादेवनं सगळी उत्तरं दिली. त्याच्या तरक्कीएवढी तरक्की तालुक्यात कुणाची नव्हती. मंद पोराला एवढं वर आणणारा मास्तर म्हणून सुंदररावांचं कौतुक झालं, आणि बीडच्या शाळेत बदलीचा हुकूम आला.

निरोपाला देवळापुढं सारा गाव जमला. आप्पारावांनी फेटा बांधला, नारळ दिला. ज्यांच्या पोरांच्या पाठी फुटल्या होत्या तेही डोळे पुसत होते. आमच्या गावाला रडायला कारण लागत नाही. तेवढ्यात छबुबाई शहादेवला घेऊन पुढं आली.

“मास्तर, माझ्या लेकराची तरक्की किती झाली?”

“तालुक्यात पहिला हाय तुझा ल्योक.”

“मग त्येला बीडला कवा नेताव? तुमी शबुद दिलता.”

सुंदररावांच्या डोक्यावर फेटा होता आणि गाव बघत होतं. “शाळेतली जागा तर गेली,” ते म्हणाले. “पन मी शब्दाला मागं हटनारा न्हाई. येऊ दे त्येला माझ्यासंगं. घरात पानी भराया, झाडलोट कराया पोरगं लागतंयाच. दोन घास खाईल, शहर बघंल.”

“नशीब काढलं पोरानं,” आप्पाराव म्हणाले. माणसांनी माना डोलावल्या. मास्तर एकटेच नालायक होते असं मी म्हणत नाही.

सुंदररावांनी शहादेवच्या डोक्यावर हात ठेवला. “काय बे, येतं न्हवं झाडाया?”

शहादेवनं हात छातीशी बांधले. मान जराशी वाकडी केली, तोंड थोडं उघडं ठेवलं आणि सावकाश आवाजात, अगदी शिकवलं होतं तसं तो म्हणाला, “येत न्हाई, मास्तर.”

आम्ही शाळेतली सगळी पोरं मास्तरांच्या तोंडाकडं बघत राहिलो. सरावात या उत्तराला ते हमखास शाब्बास म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत.